आजाराचं खरं नाव

डॉक्टरसाहेब, किती वर्षं झाली, त्या सकाळी मी चूल सारवली, लेकराला न्हाऊ घातलं, विहिरीवरून घागर आणली. मालक घटाघटा पाणी प्याले आणि औत घेऊन शेतात गेले. दुसऱ्या दिवशी ते तुमच्या दवाखान्यात होते, डोळे खोल गेलेले, पायात गोळे. पाचोडच्या पुढच्या आमच्या गावाहून ट्रकात घालून आणलेलं. तुम्ही सलाइन लावलं, पण संध्याकाळी ते गेले. हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज जे झालं ते मात्र ठाऊक नाही, आणि ते सांगितल्याशिवाय माझा घास उतरायचा नाही!

माझी नात डॉक्टर झालीय, साहेब. आज तिचा फोन आला. "आजी, कॉलऱ्याचा, म्हणजे तुमच्या पटकीचा पेशंट आला माझ्याकडं. औरंगपुऱ्यात रसाचं दुकान आहे त्यांचं. मुलगा हात जोडतोय, मॅडम, नुसते जुलाब लिहा, नाहीतर दुकान बसेल. मी म्हटलं, दादा, वडील बरे होतील, पण मला कळवावंच लागतं. आणि कळवलंसुद्धा!"

"रागावला का गं?"

"लई! मग मीच त्याला चहा पाजला."

मी फोन धरून हसत होते आणि डोळे गळत होते. कारण मालक गेले त्या संध्याकाळी तुमच्यापुढं माझे सासरे असेच उभे होते. आमच्याकडं त्या आजाराचं नाव घेत नसत. घेतलं की कोपलेली देवी घरात शिरते म्हणायचे. सासरे म्हणाले, "साहेब, मरणाच्या दाखल्यावर ताप लिहा. नायतर पाचोडच्या बाजारात आमच्या भाजीला कुणी हात लावायचं नाय." तुम्ही त्यांना बाकावर बसवलं. "मामा, झूठ लिहू? मग उद्या याचंच लेकरू घेऊन याल, त्याला काय लिहू?" आणि ते नाव मोठ्यानं घेतलंत. मी लेकराला पदराखाली झाकलं.

ते लेकरू शाळेत गेलं तेव्हा त्याच्याच पाटीवर मी अक्षरं शिकले. हाती येईल ते वाचत आले. परवा नातीकडून कायद्याचं मराठी पुस्तक मागवलं. डॉक्टरनं असा आजार दिसताच सरकारला कळवायचं, मरणाचं खरं कारण लिहायचं. म्हणजे तुम्ही बांधलेलेच होता. पण त्यानं स्वतः गावात यावं, विहिरीत औषध टाकावं, असं त्यात कुठंच नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं, साहेब. नाहीच!

तुम्ही गावात आलात, विहिरीत औषध टाकलंत, तेव्हा मी सुतकात, कोपऱ्यात बसलेली. मग तुम्ही पारावर लस टोचायची सुई घेऊन, आणि गाव दारं लावून. "नाव घेणारा आला," एवढंच ऐकू यायचं. दिवस मावळताना तुम्ही कुणालाच न टोचता उठलात. "उद्या परत येतो, मामा," असं आमच्या दारावरून जाताना म्हणालात.

तुमची कबर पडेगावकडं आहे म्हणतात, तिथं टपाल जात नाही. म्हणून खरं सांगायला हरकत नाही. मला सुईची भीती वाटत होती, आणि देवीच्या कोपाची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, तेव्हा मी सुतकातली उठले, लेकरू कडेवर घेतलं आणि पारावर जाऊन सगळ्यांच्या आधी दंड उघडा केला.