नेटी आपणहून येईल

३ डिसेंबर
युमाला पोचलो एकदाचे. सास्काचेवानच्या बर्फातून इथल्या उन्हात मोटारहोम मी आणलं. चालवत नेटी होती, पण रस्ता मी सांगत होते. दोनदा चुकलो. दोन्ही वेळा नेटीने माझं ऐकलं म्हणून. बाईने थोडी स्वतःची अक्कल वापरायला नको?
बोहदान जाऊन हा तिसरा हिवाळा. जाताना मला एक मोटारहोम आणि एक नणंद ठेवून गेला. दोघींची निगा मीच राखते. नेटीने लग्न केलं नाही, माझ्याशिवाय तिला आहे कोण? गाडी चालवणं, पाणी भरणं, मैल्याची टाकी रिकामी करणं, एवढं ती बघते. बाकी सगळा भार माझ्यावर.
संकल्प: यंदा मोटारहोमच्या या पार्कात कुणाची चेष्टा करायची नाही.

४ डिसेंबर
दरवर्षी मॅनिटोबाहून इथे येणाऱ्या ओरेस्टला म्हटलं, तुझी चड्डी बघून संत्र्याची झाडं लाजली रे. ही चेष्टा नव्हे, चौकशी. त्याने कानातलं ऐकायचं मशीन काढून खिशात टाकलं. मॅनिटोबाची माणसं अशीच.
शेजारच्या जागेवर नवी बाई आलीय. मार्लिस. मिनेसोटाची, माझ्यासारखीच विधवा. ट्रेलर एवढा लांब की पुढच्या दाराला पाऊस आला तर मागच्या दाराला कळणार नाही. बाहेर प्लॅस्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो पक्षी. मी विचारलं, सासरची मंडळी वाटतं? तर पोट धरून हसली. चेष्टा केल्यावर हसणाऱ्या बाईचा मला भरवसा वाटत नाही.

८ डिसेंबर
नेटी रोज सकाळी मार्लिसबरोबर फिरायला जाते. तीन वर्षं मी सांगत होते, चाल, गुडघ्याला बरं. तेव्हा गुडघा दुखायचा. मार्लिसबरोबर दुखत नाही.
मला हेवा वगैरे वाटत नाही. हेवा वाटायला त्या बाईकडे काही असायला हवं. ट्रेलर मोठा आहे. आतच कपडे धुवायचं मशीन आहे. दात स्वतःचे आहेत. झालं, संपलं.

११ डिसेंबर
पहाटे उठून मार्लिसच्या मोठ्या फ्लेमिंगोला बोहदानची लोकरी लांब चड्डी घातली. आता बाई चिडेल, नेटीला तिचा खरा स्वभाव दिसेल, असा बेत.
बाई चिडली नाही. फ्लेमिंगोला लाल टोपीही घातली. सगळं पार्क फोटो काढून गेलं. नेटी म्हणाली, वहिनी, ही दादाची ना गं? आणि इतकी हसली की खाली बसली. मार्लिस काय गमतीदार, असं दिवसभर चाललंय. चड्डी कुणाची, डोकं कुणाचं, कुणी विचारलं नाही.

१४ डिसेंबर
हद्द झाली. नेटी तिला आमची पिरोही करायला शिकवतेय! खिडकीतून बघितलं. बटाट्याचं सारण, पारी, आणि कडा दाबायची ती आमच्या सासूबाईंची चिमटी. सासूबाईंनी मला सहा वर्षं तंगवलं त्या चिमटीसाठी. मार्लिसला एका दुपारी.
नाताळच्या आदल्या संध्याकाळचं पवित्र जेवण म्हणजे पोरखेळ नव्हे. बारा पदार्थ, मांस नाही, लोणी नाही. चादरीखाली वाळलं गवत. पहिली चांदणी दिसल्याशिवाय घास नाही. आणि एक ताट गेलेल्या माणसांसाठी, त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. गेल्या वर्षी ओरेस्ट चुकून टेकला तर मी अशी ओरडले की मेलेले उठून जेवायला आले असते. हे सगळं माझ्याशिवाय इथे कुणाला नीट माहीत नाही. मार्लिसच्या मिनेसोटात वाळवलेला मासा भिजवून खातात.
मी फक्त खिडकी जोरात लावली. दोनदा.

१६ डिसेंबर
हॉलमध्ये पत्ते. मार्लिसने नेटीला विचारलं, तुझ्यासारखीला कुणी मागणी कशी घातली नाही गं? मी म्हटलं, थांब, मी सांगते. आणि ती गोष्ट सांगितली. नेटी बावीसची असताना एक मुलगा बघायला आला, अकरा पिरोह्या खाल्ल्या, रुमालात चार बांधून घेतल्या, आणि पुढच्या महिन्यात तिच्याच मैत्रिणीशी लग्न केलं. शेवटी मी म्हणते, पिरोह्या चांगल्या होत्या, एवढं मात्र त्याने कळवलं.
चाळीस वर्षं सांगतेय ही गोष्ट. कायम हशा येतो. नेटीही हसते. म्हणजे, भांडी उचलून आत जाते. आज भांडी नव्हती, म्हणून पत्ते खाली ठेवून गेली.
मार्लिस मेली हसली नाही. इतर वेळी कशालाही हसते.

१७ डिसेंबर
नेटी उशी घेऊन मार्लिसकडे झोपायला गेली. म्हणाली, तुझा रेडिओ फार वाजतो. रेडिओ दोन वर्षांपासून बंद आहे.
मी काही बोलवायला जाणार नाही. नेटी आपणहून येईल. माझ्याशिवाय तिला झोप लागत नाही.

२० डिसेंबर
मैल्याची टाकी भरली. काठोकाठ. नेटीची वाट पाहिली, मग म्हटलं, त्यात काय एवढं, पाइप लावायचा आणि दांडी ओढायची.
आधी पाइप लावायचा, हे लक्षात होतं. दुसऱ्या टोकाचंही काही करायचं असतं, हे नेटीने कधी सांगितलं नाही. नवे बूट गेले. ओरेस्ट नाकाला रुमाल लावून मदतीला आला. सगळं धुऊन झाल्यावर म्हणाला, सोफी, अगं जाऊन एकदा चुकलं म्हण तिला आणि मोकळी हो. मी म्हटलं, चुकलं कुणाचं? तर मशीन काढून खिशात.

२२ डिसेंबर
आली! मला माहीतच होतं.
नेटी पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, यंदा जेवण मार्लिसच्या ट्रेलरबाहेरच्या मांडवात आहे, तू ये वहिनी. मी म्हटलं, परक्या बाईच्या दारात मी पवित्र जेवण जेवणार नाही. माझ्या गव्हाच्या खिरीशिवाय काय ते करा. आता ती गळ घालणार, मी दोनदा नाही म्हणणार, तिसऱ्यांदा ऐकणार, असं ठरवून ठेवलं होतं.
नेटी म्हणाली, बरं.
नुसतं बरं!
मग म्हणाली, निळ्या काठाचं ताट तेवढं दे. दिलं. ती गेल्यावर डोक्यात उजेड पडला. घरातलं सगळ्यांत चांगलं ताट ती कुणासाठी नेईल? मार्लिसकडे काय ताटं नाहीत? तोंडाने आग्रह करत नाही, पण जागा राखतेय माझी. भावासारखीच आहे, आतल्या गाठीची.

२४ डिसेंबर, दुपार
खीर केली. गहू, मध, खसखस. फक्त स्वतःपुरती. मोठ्या पातेल्यात, कारण लहान सापडलं नाही.
मी जाणार नाही. बोलवायला आले तर बघू. ब्रोच लावून ठेवलाय, उगाच.

संध्याकाळ
पहिली चांदणी दिसली. आता येतील.
ते विमान होतं.
आता खरी दिसली. नेटीच्या गुडघ्यामुळे वेळ लागत असेल.
चांदण्या खूप झाल्या. मार्लिसकडून हसण्याचा आवाज. ओरेस्टसुद्धा हसतोय, त्या मेल्याला ऐकू तरी काय येतं?
खीर गार होतेय. अन्न वाया घालवू नये. देऊन येते फक्त.

त्यानंतर
लिहूनच टाकते. वाचणारी मीच.
मांडवात गेले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, एकच रिकामी. समोर निळ्या काठाचं ताट, शेजारी मेणबत्ती. मला इतका आनंद झाला की विचारता सोय नाही. पातेलं टेबलावर आपटलं, खुर्चीत बसले आणि म्हटलं, बघा, माझ्यावाचून अडलं ना शेवटी? आणि मार्लिसची एक पिरोही उचलून तोंडात घातली.
ओरेस्टने मशीन काढलं.
मग नेटी हळूच म्हणाली, वहिनी, ते दादाचं ताट आहे.
पिरोही तोंडात. गिळताही येईना, काढताही येईना. आख्ख्या टेबलावर माझ्या नवऱ्याला जागा होती, मला नव्हती. त्याला बोलवावंही लागलं नव्हतं. आयुष्यभर तो पार्टीत कोपऱ्यात बसायचा आणि सगळे त्यालाच विचारायचे, बोहदान, तुला काय वाढू?
मार्लिस उठली, आतून बर्फाचा डबा आणून पालथा घातला, वर उशी ठेवली. नेटीची उशी. मी तिच्यावर बसले. सगळ्यांपेक्षा वीतभर खाली. हनुवटी टेबलाला लागत होती. मार्लिस म्हणाली, फ्लेमिंगोवरही जागा आहे. सगळे हसले. मीही हसले. चेष्टा बरी करते ती, खोटं कशाला बोलू.
पिरोहीची एकही कड फुटली नव्हती.

२५ डिसेंबर
सकाळी नेटी आली. न विचारता टाकी रिकामी केली, पाइप धुतला, निळं ताट फडताळात ठेवलं. खीरही परत आणली, अर्धी. मार्लिसनेही केली होती म्हणे.
मी म्हटलं, पुढच्या वर्षी माझं ताट मांडशील, की त्यासाठी आधी मरावं लागेल? नेटी म्हणाली, मरायची गरज नाही, बोलावलं की ये म्हणजे झालं.
मग मी अकरा पिरोह्यांचा विषय काढला. म्हणजे, काढणार होते. म्हटलं, त्या मुलाला अक्कल नव्हती गं. नेटी बराच वेळ हात पुसत राहिली. म्हणाली, चाळीस वर्षं लागली तुला. पण बसली नाही. मार्लिस खाली थांबली होती, फिरायला जायचं होतं.
तिची दुसरी उशी मीच पायरीपर्यंत नेऊन दिली. एका उशीने तिची मान धरते. हे मार्लिसला माहीत नाही, मला माहीत आहे.
येईल आपणहून. टाकी आठवड्यात भरते.