तू आठ दिवस लपवलेली नोकरी

अगं, तुला मी कधी पत्र लिहिलंच नाही. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीला कोण लिहितं? आणि आता तर तुला जाऊनही वीसहून अधिक वर्षं झाली.

बाबांची बँकेतली बदली साताऱ्याहून मद्रासला झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मैलापूरच्या घरात सामान उतरत होतं आणि शेजारच्या दारातून तू हात हलवून म्हणालीस, "वाडी!" मी विचारलं, "कुठली वाडी?" तमिळमध्ये मैत्रिणीला 'ये गं' असं म्हणतात, हे मला कुठं ठाऊक! तू हसतेस, हसता हसता उंबऱ्यावरच बसतेस, आणि मग तुमच्या तंजावरी मराठीत मला आत बोलावतेस. शब्द ओळखीचे, हेल तमिळ. आईसुद्धा बघत राहिली होती. शाळेत बाई तमिळमध्ये विचारायच्या, तू माझ्या कानात मराठीत सांगायचीस, आणि बोलल्याबद्दल बाकावर उभ्या दोघीही.

पण जास्त आठवतो तो बी.कॉम.नंतरचा उन्हाळा. रेल्वेची परीक्षा दोघींनी दिली, अभ्यास तुमच्या स्वयंपाकघरात बसून केला. तुझी निवड झाली, माझी नाही. आठ दिवस तू मला सांगितलं नाहीस. तुझी आई केसरी शिरा घेऊन आली तेव्हा मला कळलं. मी तरातरा आले. तू विहिरीपाशी कपडे पिळत होतीस.

"लपवलंस का?"

"तू रडशील म्हणून."

"मग आता काय करतेय मी?"

"मी जातच नाही नोकरीला. पुढच्या खेपेला दोघी मिळून परीक्षा देऊ."

तुझ्यावर इतकी मी कधीच चिडले नसेन. तुझ्या हातातला ओला टॉवेल हिसकावून म्हणाले, "तुझी कीव नको मला. सोमवारी मीच तुला एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात पोचवणार." आणि पोचवलं. बसमध्ये घामेजल्या हातानं तू माझा हात घट्ट धरून बसलेली. ऑफिसच्या दाराशी घुटमळलीस तेव्हा मी तुला, आता चांगल्या तमिळमध्ये, "पो डी!" म्हणून आत पिटाळलं. परतताना मी रडले, हे खरं. पण घर येईपर्यंत कडकडून भूकही लागली. वर्षभरानं मला शाळेत नोकरी मिळाली आणि मुलांना शिकवण्यात मी अशी रमले, की रेल्वे राहिली ते बरंच झालं असं वाटू लागलं. पुढं बारा वर्षं तुझं ऑफिस आणि माझा वर्ग आपण एकमेकींना सांगत राहिलो, तुझ्या शेवटच्या आजारपणातसुद्धा.

काल तुझी मुलगी आली होती. शोळिंगनल्लूरला नोकरी करते. म्हणाली, "मावशी, अम्मा शाळेत कशी होती?" मी म्हटलं, "फार शिस्तीची." हे पत्र कुठं टाकणार, पुस्तकात ठेवून देईन. पण तिच्याशी मी खोटं बोलले गं. आठवीत भूगोलाच्या पेपरात तू माझी उत्तरं चुकांसकट उतरवलीस, ते तिला सांगावंसं वाटलं नाही. तेवढं एक माझ्याकडेच राहू दे.