मासे हलवण्याची रीत

चि. विनेश,

मी म्हसळ्याला माझ्या बहिणीकडे जात आहे. उन्हे तापू लागली आहेत. तेव्हा परसातले तळे आजच उपसून घ्यावे, तळाचा कुजलेला पाला काढावा आणि पश्चिमेच्या बाजूने झावळ्यांची सावली करावी.

त्याआधी मासे हौदात हलवावे लागतील. घमेल्यात त्यांचे जुनेच पाणी घे आणि हौदाचे पाणी त्यात थोडे थोडे मिसळ. एकाएकी नव्या पाण्यात टाकलेला मासा जगत नाही, हे तुला मीच शिकवले होते. तरीही काल मी देवळातून परतेपर्यंत तू माझे सामान कोठीत नेऊन टाकलेस, आणि पर्यटकांसाठी माझ्या खोलीवर ‘पाँड व्ह्यू’ अशी पाटी ठोकलीस.

मासे तरी रीतीने हलव. त्यांना म्हसळ्यात बहीण नाही.

— आई