तीनदा बदललेलं पाणी

मंगळवार, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

सुभाषच्या पिंपातला तो गोळा डोळ्यांसमोरून हलत नाही. धाकटा भाऊ माझा, नशिराबादला भिंतीच्या रंगासाठी बाइंडर, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणारं द्रावण, बनवायला लागलाय. पाण्यात पॉलिमरचे बारीक कण, कणांभोवती त्यांना सुटं ठेवणारा साबण. फेस फार येतो म्हणाला. मीच फोनवर सांगितलं, कण खाली बसू दे, वरचं पाणी बदल. त्याने तीनदा बदललं.

साबण कणाला कायमचा चिकटत नाही, येतो-जातो. पाण्यातला कमी झाला की कणावरचाही सुटतो. हे मी दरवर्षी कॉलेजात फळ्यावर लिहिते. मग तेव्हा का आठवलं नाही? उघडे पडलेले कण एकमेकांनाच धरून बसले.

आज मी त्याच्याकडे पोचले तर म्हणाला, "अक्का, बठ्ठं दही व्हई गयं." खरंच, सगळ्याचं दही झालं होतं.

मी पुन्हा साबण घातला, तासभर ढवळलं. गोळा तसाच. फेस मात्र पिंपाबाहेर.

"साबण तरी चांगला शे," तो हसला. उद्या एरंडोलचा रंगारी येणार, त्याचं पहिलं गिऱ्हाईक. मग हळूच म्हणाला, "आते काय करू, अक्का?"

अजूनही मलाच विचारतो.