तळाचं नाव

कात्रज, पुणे
९ मार्च २००४

प्रिय नमू,

तू आणि तुझी लेक खुशाल आहात असं धरूनच चालते, कारण बाळंतिणीला ‘कशी आहेस’ विचारलं की उत्तर घरातले इतर सगळे देतात. फोनच करणार होते. पण तुमचा मूर्तिजापूरचा फोन बैठकीत, बैठकीत तुझे काका, आणि ‘कोण बोलतंय, काय काम आहे’ हे विचारल्याशिवाय काका रिसीव्हर सोडत नाहीत. म्हणून हे पत्र. ऑफिसचा बाळंतविडा पोचला ना? त्यातलं टोपरं आपल्या टीममधल्या संतोषच्या बायकोनं, श्यामलानं, स्वतः शिवलंय. तसं तिला कळव, तिला बरं वाटेल.

काल आमच्याकडे महिला दिन झाला. फाटकाला गुलाबी कागदाची कमान, प्रत्येकीच्या हातात एकेक गुलाब, आणि खालच्या हॉलमध्ये महिला सक्षमीकरणावर एका बाईंचं व्याख्यान. बाई बऱ्या बोलल्या. नंतर आपले जी.के. सर उठले, ‘आमच्याकडे बाई-पुरुष असा भेद कधीच नव्हता’ म्हणाले, आणि आभाराच्या नादात व्याख्यानाच्या बाईंचंच नाव विसरले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

जेवायला गुलाबजाम होते. मी नुसता वास घेऊन उठले. हल्ली कँटीनच्या तेलाचा वास सहनच होत नाही, बहुतेक तेल बदलत नसावेत. सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये गेनबा ड्रायव्हरनं मला हाक मारून पुढे बसवलं. “म्याडम, फुडं बसा, मागं लई आदळतंय. तोंड सुकल्यालं दिसतंय तुमचं.” या माणसाचं लक्ष रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त.

तुझ्या खुर्चीवर सध्या कुणी बसत नाही. टेबलावरच्या तुळशीला मी पाणी घालते. तुझ्या सासूबाई, मुक्ताबाई, काय म्हणतायत? त्यांनी ‘नोकरीत काही अर्थ असेल तर मी पुण्यात येऊन मूल सांभाळते, नाहीतर सोडून दे’ असं सांगितलं होतं, ते अजून तसंच आहे का? की बदललं? कळव. दूध वर आलंय, उठते. बाकी विशेष काही नाही. आणि हो, नुसता वरणभात खाऊ नकोस.

तुझी,
चैताली


कात्रज, पुणे
१९ मार्च

नमू,

तुझं उत्तर मिळालं. अर्धं पान, आणि त्यातही निम्मी जागा तुझ्या लेकीच्या शी-शूनं खाल्लेली. उरलेलं मला पाठ झालंय. ‘चैतू, एवढी पानं लिहिलीस आणि माझ्या अप्रेझलचा एक शब्द नाही. तू बडबडतेस तेव्हा काहीतरी झाकतेस. सासूबाई पाडवा झाला की येणार आहेत, रेटिंग बघूनच ठरवू म्हणतायत. काय ते सांगून टाक.’

सांगते.

महिला दिनाच्या आधीच सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. टीम कितीही चांगली असली तरी एक जण तळाला जायलाच हवा, एकाला ‘डी’ द्यायलाच हवा. दर वर्षी आम्ही टीम लीड लोक या एका नावावरून डोकी धरून बसतो. सर मात्र खुशीत होते. “यंदा तुमचं काम सोपं आहे चैताली, सुंठीवाचून खोकला गेला. नम्रता रजेवर आहेत, त्यांना देऊन टाका. घरी बाळ आहे, नवरा कमावता आहे, त्यांना कुठं फरक पडतोय? जे रोज येतायत त्यांना कशाला दुखवायचं?”

यात नवीन काही नाही. गेल्या वर्षी टेस्टिंगच्या टीममध्ये भाग्यश्री बाळंतपणाला गेली, तेव्हा तळाला तीच गेली होती. आपण सगळ्यांनी तिच्या मुलाला वाळे पाठवले आणि तिला डी पाठवला. ती परत आलीच नाही, आणि ‘बायकांचं असंच असतं’ म्हणायला सगळे मोकळे झाले.

मी सरांना ‘बघते’ म्हणाले. टेबलापाशी आले आणि त्या रकान्यात तुझं नाव टाइप केलं. पाठवलेलं नाही, पण टाइप केलं. रोज सकाळी तो तक्ता उघडते, तुझं नाव बघते, बंद करते. कामात लक्ष लागत नाही, घरी भाजी लागते, अभय विचारतो काय झालंय, आणि मी त्याच्यावरच खेकसते.

कामाच्या हिशेबानं बघायचं तर डी संतोषचा आहे. हे मलाही माहीत आहे, तुलाही, आणि मला वाटतं त्यालाही. बँकेचं काम त्यानं न तपासता दोनदा पुढे ढकललं, आणि नोव्हेंबरात ते निस्तरलं कुणी? तू. सुजलेले पाय कागदाच्या खोक्यावर ठेवून. पण संतोषचं मे महिन्यात अमेरिकेला जायचं ठरलंय. डी आला की ते गेलंच. बस चुकली की मला कात्रजपर्यंत मोटारसायकलवर आणून सोडणारा तोच, आणि संक्रांतीला माझ्याकडे गुळाच्या पोळ्या येतात त्या श्यामलाच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे माझी.

आणि खरं सांगू? बसमध्ये मी स्वतःशी म्हणाले, नमूला खरंच एवढा फरक पडेल का? म्हणजे सरांचंच वाक्य, फक्त बायकी आवाजात. मुक्ताबाई येणार आहेत, त्या एका अक्षरावर तुझं पुण्याला येणं न येणं ठरणार आहे, हे पक्कं माहीत असून मी असं म्हणाले.

आता उरलेलंही लिहूनच टाकते. कँटीनचं तेल ठीकठाक आहे. मला तिसरा महिना आहे. अभयशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि गेनबाला बहुतेक माहीत आहे. ऑफिसात सांगायची भीती वाटते. पुढच्या मार्चच्या हिशेबात माझीही रजा असेल, आणि तेव्हा सुंठीवाचून खोकला कुणाचा जाईल ते सांगायला नको. तुझं नाव भरताना मला आधी हे सुचलं, मग तू आठवलीस. या क्रमाची मला लाज वाटते.

तक्ता सोमवारी द्यायचा आहे, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. काय करू हे मी तुला विचारणार नाही. ज्याच्या मानेवर सुरी, त्यालाच ‘कुठून कापू’ म्हणून विचारायचं नसतं.

चैतू


कात्रज, पुणे
२४ मार्च

प्रिय नमू,

संतोषचं नाव दिलं.

पहिल्यांदा हेच लिहायचं होतं, म्हणजे पुन्हा पानभर बडबड होणार नाही. आता झालं ते सांगते.

सोमवारी सरांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, “अहो, काहीतरी घोटाळा झालाय.” मी म्हटलं, नाही सर. ते म्हणाले, “संतोषचं घर त्याच्यावर चालतं.” मी म्हटलं, “सर, या रकान्यावर ‘काम’ लिहिलंय, ‘घर’ लिहिलेलं नाही. नम्रता रजेवर गेली डिसेंबर संपताना. एप्रिलपासून तोपर्यंत तिनं काय केलं ते मोजा. रजेत काम नाही म्हणून शून्य धरायचं असेल, तर मग रविवारचंही धरा.”

“रजेवर गेलेल्या बाईला वरचं रेटिंग दिलं, तर बाकीच्यांना काय सांगू मी?”

“हेच सांगा, की काम मोजलं.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं आणि मी बोलून गेले, “आणि सर, सप्टेंबरपासून मीही रजेवर असेन.”

“अभिनंदन,” ते म्हणाले. कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर बोलतात त्या सुरात. मग म्हणाले, “म्हणजे हे सगळं स्वतःसाठी चाललंय तर.”

नमू, एरवी माझी जीभ कुणाचं ऐकत नाही, पण ते खरं होतं. मग मी म्हणाले, “अर्धं स्वतःसाठी, सर. तेवढ्यानं उरलेलं अर्धं चूक होत नाही.”

सही केली त्यांनी. करावीच लागली, बँकेच्या कामाचे सगळे कागद मी सोबत नेले होते. सही करता करता म्हणाले, पुढच्या वर्षी ही टीम कुणाकडे द्यायची ते बघावं लागेल. बघोत.

तुला ‘ए’ आहे. ऑफिसचं पत्र येईलच, पण मुक्ताबाई त्याआधी येतील म्हणून कळवते. ही दया नाही, भेट नाही, बाळंतविडा तर नाहीच नाही. तुझं आहे ते तुला मिळालंय.

संतोषला मी स्वतःच सांगितलं, दुसऱ्याकडून कळण्याआधी. तो भांडला असता तर बरं झालं असतं. बसथांब्यावर उभं राहून त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काम माझं खराब होतं, मान्य. पण मला एक सांग चैताली, नम्रता येणार आहे का परत? की तिकडेच राहणार? ती राहिली तर माझी अमेरिका कुणासाठी गेली?” त्याचा प्रश्न चूक आहे. तू आलीस काय, न आलीस काय, डी त्याच्या कामाचाच. हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. पण ऑफिसातले सगळे तोच प्रश्न विचारतायत, कुणी तोंडावर, कुणी माझ्या पाठीमागे. संतोष आता बसमध्ये मागच्या सीटवर बसतो. त्याचं वाईट वाटतं मला. पुष्कळ वाटतं.

‘निर्णय तुझाच, माझं काही दडपण नको’ असं इथे लिहिणार होते. लिहिलंही होतं, वरची खाडाखोड त्याचीच आहे. पण ते खोटं झालं असतं. दडपण आहेच, आणि मी ते मुद्दाम टाकतेय. मुक्ताबाईंना माझं पत्र वाचून दाखव हवं तर. त्यांना सांग, नोकरीत अर्थ आहे की नाही हे एका अक्षरावरून ठरवायचं असेल तर अक्षर आलंय, आता त्यांनी पुण्याचं तिकीट काढावं. मूल रडलं तर माझ्याकडे आणून टाका. मलाही सराव हवाच आहे.

तू आली नाहीस तरी ए तुझाच राहील, तो कुणाला खोडता येणार नाही. पण पुढच्या वर्षी कुठल्यातरी केबिनमध्ये कुणीतरी म्हणेल, त्या नम्रताला एवढं वर ठेवलं आणि आली का ती? आणि ते म्हणत असताना समोरच्या तक्त्यात माझं नाव असेल.

तू आलीस, तर मलाही परत येता येईल. ये ना गं.

तुझी स्वार्थी मैत्रीण,
चैताली