कंदीलवाली म्हातारी आणि शैलाची पकड

रविवार, १४ सप्टेंबर, संध्याकाळ

कॉन्व्हेंटमध्ये मला बक्षीस मिळालेलं गोष्टीचं पुस्तक मी आणि माझी धाकटी बहीण शैला एकाच गोधडीत शिरून वाचायचो. वाट चुकलेल्या मुलांना घरी पोचवणारी कंदीलवाली म्हातारी आली, की शैला माझी करंगळी घट्ट धरायची.

आज शैला विरारहून आली होती. माझ्या नातीने, अन्वीने, टीव्ही लावून दिला. "आजी, तुझ्या पुस्तकातल्या म्हातारीची आधीची गोष्ट आलीय टीव्हीवर!" कसली गोष्ट, काळीकुट्ट भयमालिका! त्यात म्हातारी स्वतःच कंदील दाखवून मुलांना रानात नेते आणि मग... कशाला केलं असं तिचं? मला बघवेना.

शैला मात्र चिवडा खात म्हणाली, "बरोबर दाखवलंय. मला तेव्हापासून तिची भीती वाटायची, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कॉन्व्हेंटच्या सिस्टरसारखी वाचायचीस अगदी! मध्ये कोण बोलणार?"

अन्वी हसली. मीही हसले, पण चहा टाकायला आत गेले ती लवकर बाहेर आलेच नाही. मालिकेने फसवलं, ते एक वेळ सोडून देईन. पण ती करंगळी? इतकी वर्षं मी तो तिचा आनंद समजत आले. म्हणजे त्या गोधडीत मी एकटीच खूश होते?

पुस्तक माझ्यामागे शैलाला द्यायचं ठरवलं होतं. आता नाही. ही वही वाचाल तेव्हा ते अन्वीला द्या, तिला कसली भीती वाटत नाही. गोधडीही तिलाच. शैलाला माझी मोत्याची अंगठी द्या, करंगळीतली.