भोपळ्याचा टोप

मिरज, डिसेंबर १९४६

प्रिय मधू,

साताऱ्याहून तुझं कार्ड आलं. 'माझा तंबोरा विकून टाक', एवढंच. स्वतः कसा आहेस, जेवतोस की नाही, अक्षर नाही. मला राग आला, खरंच आला. पण त्याचं उत्तर शेवटी. आधी एक गंमत ऐक. हो, ऐकच म्हणतोय. तुझे कान गेल्यापासून लोक तुझ्यापुढं हा शब्द गिळतात, मी नाही गिळणार.

सांगलीला नदीकाठच्या मैदानात आपण तंबूतला इंग्रजी सिनेमा पाहिला होता, आठवतो का? एक गडी नळकांड्यात बसून चंद्रावर जातो, डोक्यावर मोठा गोल टोप, पुढं काच आणि माथ्यावर ताणलेल्या चार तारा. इंग्रजी कुणाला येत होतं? म्हणून तंबूचे मालक हंबीरराव पडद्याजवळ काठी घेऊन उभे राहिले आणि अर्थ सांगू लागले. "बगा मंडळी, चंद्रावर हवा न्हाई, चिटपाखरू न्हाई, पर हितलं समदं त्येला टोपातनं ऐकू येतंय. आता त्यो तारा सुरात लावतोय!" तंबूभर शिट्ट्या झाल्या. तू मात्र मिरजेला येईपर्यंत माझं डोकं खाल्लंस, की हवाच नाही तर सूर जातो कुठून. तेव्हा तू बुवांकडे गाणं शिकत होतास आणि आमच्या गल्लीत राहत होतास. तसला टोप करून बघायचा असं आपण ठरवलं. त्याच वर्षी पावसाळ्यात तुझे कान फुटले, आणि सगळं टाकून तू साताऱ्याला मामांच्या दुकानावर निघून गेलास.

तर गड्या, तो टोप मी केला. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांत एक असा निघाला, तंबोऱ्याला वाकडा पण डोक्याला बेताचा. तो कापला, आतून घासला, वरून लाख चढवली, बंद घड्याळाची काच पुढं बसवली. डोक्यात घातला की नाकावर घसरायचा, म्हणून आत सागाची एक पट्टी चिकटवली, ती कपाळाला घट्ट टेकते. माथ्यावर तारा टेकायला घोडी ठेवली, खुंट्या बसवल्या आणि चार तारा चढवल्या. घालून दारात उभा राहिलो तर भाजीवाल्या रंगुबाई पाटी टाकून मागं सरल्या. "आरं दस्तगीर, भोपळा खायाचा सोडून डोस्क्यात का घातलास रं?"

खरी फजिती पुढं आहे. रेडिओ दुरुस्त करणारा एक ओळखीचा आला होता, तो टोप बघून पोट धरून हसला. त्याचं म्हणणं, त्या तारा रेडिओच्या, छेडायच्या नसतातच. सिनेमातला तो गडी 'ट्यून' म्हणाला असेल, म्हणजे स्टेशन पकडतो, सूर लावत नाही. आता तूच सांग, आमचं घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. 'तारा सुरात लावतोय' म्हटल्यावर आम्हाला दुसरं काय सुचणार?

तो गेल्यावर चिडून मी टोप घातला आणि तार छेडली. बाहेरून डास गुणगुणावा एवढाच आवाज, पण आत सगळं डोकं भरून गेलं. मला नवल वाटलं. कानांत कापूस कोंबला, वर बोटं दाबली, तरी सूर तसाच. कानातून येतच नव्हता तो, कपाळातून येत होता. मग अम्मी आठवली. लहानपणापासून तिचे कान वाहतात, ऐकणं हळूहळू गेलं, तुलाही ठाऊक आहे, हाक मारली तर ती ओठांकडं बघते. तिच्या डोक्यावर टोप ठेवला आणि मागं उभा राहून, तिला हात दिसू न देता, चारही तारा छेडल्या. तिनं दोन्ही हातांनी टोप कपाळावर दाबून धरला. मग म्हणाली, "पंचम उतरलाय रं." आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही.

मधू, तुझे कान बरे होतील असं मी म्हणत नाही. माणसांचं बोलणं या भोपळ्यातून येत नाही, आणि तुझ्या कपाळातून सूर जाईलच असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण सिनेमाच्या दिवशी तू विचारलेलं अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. हवेखेरीज सुराला दुसरी वाट असेल, तर ती तुझ्यावर एकदा बघायला नको का?

पत्र लिहिलं ते याचसाठी. तुझ्या तंबोऱ्याला कोल्हापूरचं गिऱ्हाईक संक्रांतीनंतर येतंय. त्याला द्यायचा की नाही, हे मला कार्डावर कळवू नकोस. इथं ये, टोप घाल आणि मग तुझ्या तोंडानं 'विक' म्हण, मी मुकाट्यानं विकीन. टोपावरच्या तारा तुझ्याच तंबोऱ्याच्या आहेत, तू गेल्यावर उतरवून ठेवलेल्या. पंचम अजून उतरलेलाच आहे. अम्मी रोज मागं लागते, तरी मी खुंटीला हात लावलेला नाही. तो तू येऊन लाव.

तुझाच,
दस्तगीर